भांबुर्ड्याचा पाला

माझी पहिली नोकरी वास घेण्याची होती. असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग हळूच स्वतःच्या शर्टाची बाही हुंगतो. रसायनीतल्या एका लहान कंपनीत साबणात, उदबत्तीत आणि फरशी पुसायच्या द्रावणात घालायची सुवासिक रसायनं बनत. बी.एस्सी. झाल्यावर मी तिथल्या प्रयोगशाळेत लागले. यंत्रं होतीच, पण माल बाहेर सोडायचा की नाही हे शेवटी माणसाच्या नाकावर ठरत असे.

पद्धत सोपी होती. समोर तीन बाटल्या यायच्या. दोनमध्ये एकच माल, एकीत वेगळा. वेगळी कोणती, एवढंच सांगायचं. वास कसला आहे, चांगला आहे की वाईट, हे कुणी विचारत नसे. बाटल्यांवर नावं नसत, नुसते आकडे. आणि वास घेणाऱ्या दोघांच्या मध्ये लाकडी फळी असे, कारण माणूस शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरून उत्तर उचलतो आणि पुष्कळदा त्याला स्वतःलाही ते कळत नाही. केसांना तेल नाही, गजरा नाही, सकाळच्या डब्यात कांदा-लसूण नाही. आमच्या प्रमुख बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "इथे सगळ्यांवर संशय घ्यायचा. स्वतःवर सर्वांत आधी."

पहिलं वाक्य मी लगेच शिकले. दुसऱ्याला वेळ लागला.

आमचं घर कर्जतहून कोंडाण्याला जाणाऱ्या रस्त्यावर, डोंगर सुरू होतो तिथे आहे. शिक्षणाची वर्षं मी होस्टेलला काढली आणि नोकरी लागल्यावर घरी राहायला आले. कर्जतच्या चार फाट्यावरून कंपनीची बस मिळायची. घरात चार माणसं: आई, बाबा, बाबांचे वडील येसाजीआप्पा आणि मी. बाबांचा टेंपो आहे. नर्सरीतली रोपं ते फार्महाउसवाल्यांच्या दारात पोचवतात.

आमच्याकडे कौतुक करायला फार मोठं कारण लागत नाही. आप्पांची कवळी बसली तेव्हा त्यांना पाटावर बसवून ओवाळलं होतं आणि त्यांनी ओवाळणाऱ्या आईला कवळी काढून दाखवली होती. टेंपोचं पासिंग झालं, गाय पहिल्यांदा व्याली, मी स्कूटीवरून न पडता दहिवलीच्या बाजारातून परत आले, प्रत्येक वेळी पाट मांडला गेला. गोडाचं काहीतरी व्हायचं, आणि थंडी असेल तर शेतात मडक्यात शेंगा भाजायची पोपटी लागायची. मग जेवताना, ज्याचं कौतुक असेल त्याच्या मानासाठी, प्रत्येकाने आपल्या पहिल्या कामाची गोष्ट सांगायची. ही रीत कुणी पाडली ठाऊक नाही. आप्पांनीच असणार, कारण सर्वांत जास्त वेळ तेच बोलतात. कोंडाण्याच्या लेण्यांचे फोटो काढायला आलेल्या एका साहेबाची पेटी डोक्यावरून वाहण्याचं त्यांचं पहिलं काम. माझ्या लहानपणी पेटी एक होती. आता तीन झाल्या आहेत आणि वाटेत बिबट्या आला आहे. बाबा दहिवलीच्या एका गॅरेजात पान्हे पुसायचे, त्यांची गोष्ट दोन वाक्यांत संपते.

आईची पाळी आली की ती भात बघायला उठायची. तिच्याकडे गोष्ट नव्हती. तिने जन्मभर काम केलं होतं, पण 'उद्यापासून ये' असं तिला कुणी म्हटलं नव्हतं.

ते म्हणणारी बाई त्या थंडीत भेटली. हर्षला तिचं नाव. कोंडाण्याच्या अलीकडे सासरच्या जमिनीवर तिने पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या होत्या. मुंबई-पुण्याची माणसं तिथे गावचं जेवण जेवायला यायची. एका बारशाला आईच्या हातचं वालाचं बिरडं खाऊन ती स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "छायाकाकी, माझ्याकडे याल का? अख्खं किचन तुमच्या ताब्यात देते."

घरी येऊन आईने चपला एकमेकींना चिकटवून नीट ठेवल्या, जे ती कधी करत नाही, आणि आम्हाला सांगितलं.

आप्पा म्हणाले, "मंग पाट काढा."

बाबा म्हणाले, "एवढ्या लांब कशाला? घरात काय कमी हाय?"

मी त्या वाक्यापाशी अडकले. कारण तोपर्यंत माझा बाबांवर संशय बसलेला होता, आणि आता त्याला कारणही सापडलं होतं.

घरी राहायला आल्यापासून मी एक गोष्ट पाहत होते. बाबा आईला स्वयंपाकघरात एकटी सोडत नव्हते. सकाळी चहाआधी ते दुधाचं पातेलं स्वतः उचलून नाकाशी नेत आणि "हां" म्हणत, मग आई गॅस पेटवायची. ती फोडणी देत असली की हे दारात उभे. "बास, झालं," असं ते म्हणाले की ती कढई उतरवायची. पूर्वी आईच्या हातात पळी असताना त्या दारात उभं राहायची कुणाची छाती नव्हती. दुपारी टेंपो घेऊन ते कर्जतच्या बाजूलाच असत, तरी जेवायचं निमित्त करून घरी चक्कर टाकत, आणि जाताना सिलिंडरचं बटण फिरवून बंद करून जात. आईला ते साधं बटण बंद करता येत नाही, असा त्याचा अर्थ मी लावला.

एकदा मी सुट्टीवर घरी होते. बाबा आले, आदल्या दिवशीच्या आमटीचं झाकण उघडलं आणि आमटी सरळ मागच्या दारी नेऊन ओतली. आई शेगडीशी उभी होती. तिने पाहिलं आणि मान खाली घातली.

"बाबा, आमटी का ओतलीत?"

"नको होती."

"कुणाला नको होती? आईने केली होती ना?"

"तू तुजं बघ गं," बाबा म्हणाले.

आईला मी नंतर विचारलं. ती म्हणाली, "असू दे. त्यांचं बरोबर हाय." एवढं म्हणून ती भांडी घासायला बसली, आणि 'त्यांचं बरोबर हाय' हे कितव्यांदा ऐकतेय याचा मी विचार करत राहिले.

माझ्या पहिल्या पगाराच्या दिवशी मला पाटावर बसवलं होतं. जेवणं झाल्यावर मी हौसेने घरातच आमची चाचणी मांडली. तीन वाट्यांवर फडकी बांधली. दोन वाट्यांत गुलाबपाणी, एकीत वाळ्याचं पाणी. आप्पांनी चुकीची वाटी उचलली आणि माझं गुलाबपाणी नकली आहे असं सांगितलं. बाबांनी तिन्ही हुंगल्या, बरोबर वाटीवर बोट ठेवलं आणि ते बोट जरा वेळ तिथेच राहू दिलं. मग आईने वास घेतला. तीही तीच वाटी म्हणाली.

"छाया हुशार हाय," आप्पा म्हणाले.

मला ते खटकलं. मध्ये फळी नव्हती. आईने वाटीकडे पाहण्याआधी बाबांच्या बोटाकडे पाहिलं होतं. म्हणजे, मी मनात म्हटलं, हिला नवऱ्याहून वेगळं उत्तर द्यायची भीती वाटते. साध्या खेळातसुद्धा.

आता या सगळ्याला एक दिशा मिळाली. बाबांना आईने ही नोकरी करायला नको होती. रोज तिच्या हातचं काहीतरी ओतून, दारात उभं राहून, बटण तपासून ते तिला पटवून देत होते की तिला हे जमणार नाही. मी नोकरीला जाते तेव्हा कौतुक, आई जाणार तेव्हा 'घरात काय कमी हाय'. मला बाबा आवडत, त्यामुळे रागही जास्त आला. मी पहारा सुरू केला. दोघं बोलताना मी आले की बोलणं थांबायचं. एकदा मागच्या अंगणात बाबांचा आवाज आला, "आजून येळ हाय. नाय म्हन तिला." आणि आई, "एकदा तरी जाऊन बघू द्या मला." मी दार वाजवून बाहेर गेले तर दोघं शेवग्याकडे बघत उभी होती.

त्या रात्री मी आईला म्हटलं, "काही झालं तरी तू जायचं. बाबांचं मी बघते."

"त्यांचं काय बघतेस?" आईने विचारलं. मला वाटलं ती घाबरली आहे.

सोमवारी ती कामावर रुजू होणार होती. आदल्या दिवशी, रविवारी, तिच्या मानाची पोपटी ठरली.

पोपटीला मडकं लागतं, वालाच्या शेंगा लागतात आणि भांबुर्ड्याचा पाला लागतो. थंडीत शेताच्या बांधावर, भाताच्या पडीक खाचरात हे रानटी झाड उगवतं. मडक्याला आतून हा पाला लावायचा, वर ओवा आणि मीठ चोळलेल्या शेंगा, बटाटे, अंडी भरायची, तोंडाशी पुन्हा पाल्याचा बोळा, आणि मडकं उपडं ठेवून भोवती गोवऱ्या आणि पेंढा रचून पेटवायचा. पाणी घालत नाहीत. पाल्याच्या अंगच्या ओलाव्यावर आणि वासावर सगळं शिजतं. त्या वासाची जागा कापूर आणि ओवा यांच्या मध्ये कुठेतरी आहे. कंपनीत मी तो पुष्कळ वेळा शोधला, कुठल्याच बाटलीत सापडला नाही. बांधावर त्याच्यासारखीच दिसणारी दुसरीही तणं असतात, तशीच केसाळ पानांची. म्हणून पान चुरगळून वास घ्यायचा आणि मगच फांदी मोडायची. आमच्याकडे पाला आणण्याचं काम आईचंच.

उन्हं उतरायला लागली तशी ती विळा घेऊन निघाली. बाबा लगेच उठले.

"मी येतो तुज्यासंगं."

"या ना," आई म्हणाली.

"बाबा, तुम्ही अंडी आणा," मी म्हटलं. "पाला आई आणेल. तिला इतकी वर्षं कळतं ना कुठला आणायचा."

"अंडी मंग आनतो."

"दुकान बंद होईल. तिला एक काम तरी एकटीला करू द्या."

माझ्या आवाजात असं काहीतरी होतं की बाबा थांबले. आईने बाबांकडे पाहिलं. मला वाटलं परवानगी मागते आहे. "जा तू, आई," मी म्हटलं. ती गेली. बाबांनी टेंपोची किल्ली घेतली आणि दोनदा मागे वळून बघत तेही गेले. मला बरं वाटलं, एखादं जड कपाट सरकवल्यावर वाटतं तसं.

आप्पा खाचरात गोवऱ्या रचत होते. आई पाल्याचा मोठा भारा घेऊन परत आली. दमलेली, पण खूश दिसत होती. मी मडकं मांडीवर घेऊन पाला लावायला बसले. पहिली मूठ आत दाबली. दुसरी दाबली. मग थांबले.

हाताला वास नव्हता.

मी एक पान चुरगळून नाकाशी धरलं. हिरव्या गवताचा येतो तेवढाच वास, बाकी काही नाही. मी दुसरं पान घेतलं, मग भाऱ्याच्या मधलं तिसरं. पहिला संशय मी नियमाप्रमाणे स्वतःच्या नाकावर घेतला. ओव्याची पुडी उघडून हुंगली, ओवा झणझणीत आला. म्हणजे नाक ठीक होतं.

"आई," मी शेंगांना मीठ लावणाऱ्या आईला म्हटलं, "आज पाल्याला वास कसा आहे गं?"

तिने दोन्ही हातांनी पाला उचलला, तोंडाजवळ नेला आणि डोळे मिटले. "घमघमाट."

"नेहमीसारखा?"

"नेहमीपेक्षा जास्त. थंडी चांगली पडलीय ना यंदा."

कंपनीत ज्याला वास कळत नाही तो गप्प बसत नाही. तो कारण देतो.

मी उठून बांधावर गेले. थोडं पुढे, विहिरीच्या अंगाला, खरा भांबुर्डा उभा होता. चुरगळल्याबरोबर बोटांना चिकटला. त्याची एक डहाळी मी ओढणीत गुंडाळून आणली आणि आईसमोर बसले.

"डोळे मीट."

"आता हे काय गं? आप्पा तिथं खोळंबलेत."

"मीट ना. वेगळं कोणतं ते सांग."

मी दोन पानं तिच्या भाऱ्यातली घेतली आणि एक माझं. तिन्ही चुरगळून एकेक करून तिच्या नाकाशी धरली. खरं पान शेवटचं होतं. ते धरलं तेव्हा माझ्या स्वतःच्या नाकात तो वास घुसला, इतका तो जवळ होता. आईच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. तिने डोळे उघडले आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे, जिथून टेंपो यायचा होता. टेंपो आला नव्हता.

"मधलं," ती म्हणाली.

तीनात एक वेळ नुसत्या अंदाजानेही उत्तर बरोबर येतं, आणि एका चुकीवरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे मला शिकवलेलं आहे. पण दुसऱ्यांदा तपासावं असं मला वाटलं नाही. दुधाचं पातेलं, दारातली फोडणी, ओतलेली आमटी, वाटीवर ठेवून दिलेलं बोट, सगळं आपापल्या जागेवरून उठलं आणि दुसऱ्या जागी जाऊन बसलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

आईने हातातली शेंग मोडली. "तू होस्टेलला होतीस. तो ताप आलेला बघ, घरात सगळ्यांना. त्यात वास गेला. बाकीच्यांचा आला परत. माझा नाय आला."

"एवढा काळ? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुला कशी सांगू? तुझी नोकरीच वासाची. मला बाटल्या हुंगायला बसवलं असतंस." ती हसली, मग हसू गेलं. "आधी वाटलं, येईल आज, येईल उद्या. मग लोक म्हणायचे छायाच्या हाताला काय चव हाय, तर म्हटलं, चालतंय की. मीठ कळतं, तिखट कळतं, आंबट कळतं. मोहरी कानाला कळते. बाकीचं तुझे बाबा सांगायचे."

"आमटी?"

"आंबली होती. मी तुला वाढणार होते."

पुढचा प्रश्न मला विचारायचा नव्हता. उद्या ती जिथे जाणार होती ते स्वयंपाकघर मी पाहिलं होतं. भिंतीशी ओळीने मोठे सिलिंडर, मोठ्या शेगड्या, खिडकी एकच. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती लगेच कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वास मिसळतात. जगातल्या सगळ्या स्वयंपाकघरांची राखण तो वास करतो, आणि माझ्या आईपुरता तो नव्हताच.

"आई, तिथे गॅस लीक झाला तर?"

"मला म्हाईत हाय."

"हर्षलाताईला सांगितलंस?"

तिने आणखी एक शेंग मोडली. मग म्हणाली, "सांगितल्यावर कोण ठेवंल? वास न येनारी सैपाकीन." तिचं बोलणं चिडल्यावर माहेरच्या वळणावर जातं. "एक दिवस जाऊन यायचं होतं मला. एकच दिवस. पाटावर बसून सांगायला."

टेंपोचा आवाज आला. बाबा अंडी घेऊन खाचरात उतरले, मडक्यापाशी आले आणि वाकले. त्यांनी पाल्याची एक काडी उचलून हुंगली. मग आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या हातात चुरगळलेली तीन पानं होती.

"कळलं का हिला?" त्यांनी आईला विचारलं.

"कळलं."

बाबा तिथेच बांधावर बसले. "मी म्हनत व्हतो नको जाऊ. घरात मी हाय. तिथं कोन हाय? तिथं मी दारात उभा ऱ्हानार का?"

"तुम्ही मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. "मी तुम्हाला काय काय समजले."

"ते दिसत व्हतं," बाबा म्हणाले. "तिनं शपथ घातलेली. आनि तू आल्यापासनं माज्याकडं अशी बघायचीस, मला वाटलं टेंपोत दारू-बिरू सापडली का काय हिला."

आई हसली, मी हसले नाही. मी अजून मनात तिथले सिलिंडर मोजत होते. "आई, तू जायचं नाही," मी म्हटलं.

"आता तूबी?"

"म्हणजे असं न सांगता जायचं नाही. तिथे तू एकटी नसशील. बाकीच्या बायका असतील, पाहुण्यांची मुलं असतील."

आई बराच वेळ शेंगा निवडत राहिली. माझी आणि बाबांची तिच्याशी वाद घालायची तयारी होती, पण ती वादाला आलीच नाही. खाचरातून आप्पांची हाक आली, "मडकं आनताय का मी झोपू?"

"रिया," आई म्हणाली, "हा पाला काढ सगळा. चांगला आन. वास घेऊन आन." मग बाबांना, "उद्या मी एकटी जानार. सांगनार. कुनी संगं यायचं नाय. तुमी आलात तर तिला वाटंल मला धरून आनलंय."

पोपटी अंधार पडता पडता लागली. ज्वाळा खाली बसल्यावर आईने मडक्यावर पाण्याचा हबका मारला, कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "झाली." ती बरोबर होती. मडकं उघडलं तेव्हा वाफेबरोबर वास वर आला आणि आम्ही तिघं नकळत पुढे झुकलो. आई मडक्याकडे बघत नव्हती. ती आमच्या चेहऱ्यांकडे बघत होती, आणि मला आठवलं की ती नेहमीच तसं बघते.

सोमवारी कंपनीत माझं नाक-बिक कशात लागत नव्हतं. बाईंनी मला चाचणीला बसू दिलं नाही. संध्याकाळी चौक गावात उतरून मी गॅसची गळती ओळखणारी एक पांढरी डबी विकत घेतली आणि घरी आले. बाबा दारात. आप्पा ओट्यावर. आई अजून आली नव्हती.

"काढून टाकली असती तर दुपारीच आली असती," बाबा म्हणाले.

"नाही तर तिने सांगितलंच नसेल," मी म्हटलं. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. ती काही न सांगता दिवसभर त्या शेगड्यांपाशी उभी राहिली असेल, हे दोघांच्याही डोक्यात होतं.

आई चालत आली. हातपाय धुतले. आप्पांनी पाट मांडलेला होता. आज ओवाळणारीच पाटावर असल्यामुळे निरांजन माझ्या हातात आलं. मी तिला कुंकू लावलं, ओवाळलं. ती मांडी घालून नीट बसली आणि आम्ही तिघं तिच्यासमोर बसलो, कसून चौकशी करणारे बसतात तसे.

"सांग," आप्पा म्हणाले.

"गेले," आई म्हणाली. "तिने अॅप्रन दिला. मी म्हटलं, घालायच्या आधी एक सांगते. मला वास येत नाय. तिला वाटलं सर्दी हाय. म्हणाली, वाफ घ्या काकी."

बाबांना हसू आलं, त्यांनी ते दाबलं.

"मग मी सगळं सांगितलं. तापाचं, गॅसचं. ती म्हणाली, काकी, बारशाचं बिरडं तुम्हीच केलेलं ना, खरं सांगा. मला राग आला, पण म्हटलं हिचं चुकलं नाय, आता संशय येणारच. तर म्हटलं, ठेव वाल, आत्ता करून दाखवते. पण गॅस दुसऱ्या कुणी पेटवायचा."

"आणि?" मी विचारलं.

"केलं. तिने खाल्लं. मग मला बाहेर घेऊन गेली. मागे मांडवात चुली हायत, पाहुण्यांना बघायला. म्हणाली, गॅसच्या खोलीत तुम्ही जायचं नाय, भाकरी आणि बिरडं इथं चुलीवर करायचं. आणि जना म्हणून एक बाई हाय, ती प्रत्येक पातेलं हुंगणार, मग बाहेर जाणार. अख्खं किचन देते म्हणाली होती, ते काय आता दिलं नाय." ती जरा थांबली. "महिनाभर बघते म्हणाली."

"जना कशी हाय?" बाबांनी विचारलं.

"बरी हाय."

"नाक बरं हाय का तिचं?"

"तुमी या एक दिवस तपासायला," आई म्हणाली.

आप्पा म्हणाले, "गोष्ट बरी हाय. जरा लहान हाय. पुढच्या येळी वाडव."

मी पांढरी डबी काढली. आप्पांना ती देवाच्या फळीशेजारी हवी होती. मी सांगितलं, हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साठतो, डबी जमिनीजवळच लावायची. आप्पांना ते पटलं नाही, पण त्यांनी तिला हळदकुंकू लावलं आणि त्याच निरांजनाने तिलाही ओवाळलं. मग निरांजन विझवून बाहेर ठेवलं, आणि बाबांनी आईला बाहेरच्या ओट्यावर उभं करून, तिची पाठ आमच्याकडे करून, सिगारेटचा लायटर न पेटवता त्याचा गॅस डबीपाशी सोडला. त्यांनी मला बोटाने गप्प राहायला सांगितलं. एक क्षण काही झालं नाही. मग डबी इतकी किंचाळली की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

"गॅस," आई ओट्यावरून, मागे न वळता म्हणाली.

बाबांनी मान हलवली. रात्री झोपायच्या आधी मी त्यांना स्वयंपाकघरात जाताना पाहिलं. त्यांनी डबीवरचा दिवा वाकून बघितला आणि मग सिलिंडरचं बटण बंद आहे ना, ते हाताने चाचपलं.

"बंद हाय का?" आतून आईने विचारलं.

"हां," बाबा म्हणाले.